इंधन वाचवण्यासाठी ओबीडी यंत्र घ्यावे का? वापरानंतरचे परीक्षण

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक त्यात आपला स्कॅनर जोडतो आणि ‘चेक इंजिन’चा दिवा का लागला ते सांगतो, एरवी गाडीच्या मालकाचे तिकडे कधी लक्षही जात नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना हे सॉकेट सक्तीचे झाले आणि आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी-२ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सोय) या नावाची ही व्यवस्था लागू झाली. तिचा मूळ हेतू प्रदूषणावर नजर ठेवण्याचा आहे: इंजिनातला एखादा भाग बिघडून धूर प्रमाणाबाहेर जाऊ लागला, तर गाडीने ते स्वतःहून कळवावे. याच सॉकेटमध्ये बसणारे, काडेपेटीएवढे, ब्लूटूथने मोबाइलशी जोडले जाणारे एक यंत्र ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंत मिळते आणि त्याच्या जाहिरातीत ‘इंधनाची बचत’ हे शब्द हमखास असतात. असे एक यंत्र आणि त्याच्यासोबत चालणारे मोबाइल ॲप बाराशे सीसीच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये, पुणे शहरात आणि पुणे–सातारा–कऱ्हाड रस्त्यावर पुरेसा काळ वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच साच्यातून निघालेले तेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकले जाते आणि पुढच्या महिन्यात ते याच नावाने मिळेल याची खात्री नाही.

पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्र स्वतः एक थेंबही इंधन वाचवत नाही. बाजारात याच सॉकेटमध्ये लावायच्या, ‘लावा आणि मायलेज वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या मिळतात. त्या गाडीच्या संगणकाला नवे काही शिकवतात हा दावा मानायला कोणताही आधार नाही आणि त्यांचा इथे विचार केलेला नाही. आपण बोलत आहोत ते यंत्र फक्त वाचून दाखवते: इंजिनाचे फेरे, वेग, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडला आहे, इंजिनावर किती भार आहे, कूलंटचे तापमान किती आहे आणि या सगळ्यांवरून काढलेला, त्या क्षणाचा इंधनाचा खर्च. बचत झालीच तर ती पायाने करायची असते.

आता हा ‘इंधनाचा खर्च’ किती विश्वासार्ह आहे ते पाहू, कारण बहुतेक ग्राहक तेवढ्यासाठीच यंत्र घेतात आणि नेमकी तिथेच त्यांची निराशा होते. बहुतांश पेट्रोल गाड्यांत ॲप इंधन मोजत नाही; ते हवा मोजते आणि तिच्यावरून इंधनाचा अंदाज बांधते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, तेव्हा इंजिनात किती हवा गेली हे कळले की पेट्रोल किती गेले हे भागाकाराने काढता येते. काही गाड्यांत हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो; आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो, तिथे मॅनिफोल्डमधला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, फेरे आणि इंजिनाची क्षमता यांवरून ॲप हवेचे वजन ठरवते आणि त्यासाठी इंजिन दर फेऱ्याला किती टक्के भरते याचा एक ढोबळ आकडा गृहीत धरते. डिझेल गाडीत तर हा हिशेब लागूच पडत नाही, कारण डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवेत चालते. तिथे गाडीचा संगणक स्वतः इंधनाचा दर सांगत असेल तरच ॲपचा आकडा कामाचा.

याच्या जोडीला एक खास आपल्याकडची अडचण आहे. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला वजनाच्या नऊपटच हवा लागते, त्यामुळे या मिश्रणासाठी प्रमाण १४.७ न राहता साडेतेराच्या आसपास येते. गाडीचा संगणक सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजून इंधन आपोआप वाढवतो. ॲप मात्र जुन्याच प्रमाणाने भागाकार करत राहते आणि प्रत्यक्षापेक्षा सात-आठ टक्के कमी इंधन जळाल्याचे सांगते. माझ्या गाडीत सुरुवातीला ॲप लिटरमागे जवळपास दोन किलोमीटर जास्त दाखवत होते ते बहुतांशी यामुळेच. उपाय जुनाच आहे: एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, ती बरीचशी संपवायची, पुन्हा तशीच भरायची, आणि कापलेले अंतर व भरलेले लिटर यांवरून निघालेल्या मायलेजशी ॲपचा आकडा जुळवून घ्यायचा. चांगल्या ॲपमध्ये यासाठी दुरुस्तीचा गुणक टाकण्याची सोय असते. मी वापरलेल्या ॲपमध्ये ती होती, पण तीन मेनूंच्या आत दडवलेली, आणि सोबत आलेल्या पत्रकात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्यांना हे करायचे नसेल त्यांनी ॲपमधल्या सरासरीवर विश्वास ठेवू नये. आत्ताचा आकडा मघाच्या आकड्यापेक्षा कमी की जास्त, एवढी तुलना मात्र दुरुस्तीशिवायही खरी असते, आणि सवयी सुधारण्यासाठी तीच उपयोगी पडते.

या यंत्राने दाखवलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मोलाची गोष्ट उतारावरची आहे. आपल्याकडे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. ट्रकवाल्यांपासून सुशिक्षित मोटारमालकांपर्यंत अनेकांचा ठाम समज असतो की न्यूट्रलमध्ये गाडी ‘फुकट’ पळते. कार्ब्युरेटरच्या काळात या समजात थोडे तथ्य होते, कारण पाय काढला तरी फिरत्या इंजिनाच्या ओढीने कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येतच राही. मारुती ८०० सारख्या गाड्यांतही इंजेक्शनची, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारण्याची पद्धत आली त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. समज मात्र बापाकडून मुलाकडे आणि क्लीनरकडून ड्रायव्हरकडे तसाच चालत आला.

गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ॲपमधला इंधनाचा आकडा क्षणार्धात शून्यावर येतो. चाकेच इंजिन फिरवत असतात, तेव्हा संगणक इंजेक्टर बंद करून टाकतो. फेरे बाराशे-पंधराशेच्या खाली येऊ लागले की इंजिन बंद पडू नये म्हणून ते पुन्हा सुरू होतात. (केवळ हवेवरून हिशेब करणारी काही ॲप इथेही चुकतात आणि थोडा खर्च दाखवत राहतात, अशा वेळी इंजेक्शन बंद झाल्याची नोंद घेणारा पर्याय सेटिंगमध्ये चालू करावा लागतो.) त्याच उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की आकडा ताशी पाऊण लिटरच्या आसपास जाऊन स्थिरावतो, कारण आता इंजिनाला स्वतःच्या बळावर चालत राहायचे असते. दहा मिनिटांचा उतार न्यूट्रलमध्ये उतरले तर शंभर-सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल जाते. गिअरमध्ये उतरले तर जवळजवळ काहीच नाही. वर, उतारावर चाललेला एसीसुद्धा तेवढ्या वेळापुरता चाकांच्या जोरावर चालतो.

इथे एक सूक्ष्म मुद्दा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अगदी सौम्य उतारावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावते आणि मग तिला पुन्हा पेट्रोल द्यावे लागते. न्यूट्रलमधली गाडी तिथे जास्त दूर घरंगळते. निव्वळ हिशेबाने पाहिले तर अशा जागी न्यूट्रल काही मिलिलिटरांनी जिंकूही शकते. परंतु त्यासाठी जे गमवावे लागते ते पाहता हा व्यवहार करण्यासारखा नाही. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. त्यापुढे जाऊन इंजिनच बंद केले तर स्टिअरिंग जड होते, मोटारीच्या ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी दोन-चार दाबांत संपते आणि ट्रकच्या एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. पुण्याच्या वेशीवर, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून दरी पूल ओलांडत नवले पुलाकडे येणारा उतार याचे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. तिथे झालेल्या एकामागून एक अपघातांनंतर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारी जड वाहने हे कारण पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. जी बचत मुळात होतच नाही, तिच्यासाठी माणसे जीव धोक्यात घालतात, हे मोबाइलच्या पडद्यावरचा शून्य आकडा पाहताना जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सूचनाफलकाने होत नाही. माझ्या मते वाहन चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने असे एक यंत्र ठेवावे आणि प्रत्येक शिकाऊ चालकाला एकदा तरी उतारावर तो शून्य दाखवावा. यंत्राची सगळी किंमत तेवढ्यानेच वसूल होईल.

दुसरा मोठा धडा ब्रेकचा आहे आणि तो ॲप सरळ सांगत नाही, आपल्याला जुळवून घ्यावा लागतो. पडद्यावर ब्रेकसमोर कोणताच आकडा नसतो. ब्रेक दाबताना उलट मायलेजचा काटा आनंदाने वर जातो. खर्च दिसतो तो नंतर, पुन्हा वेग घेताना. साधारण हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात जेवढी ऊर्जा साठलेली असते, ती निर्माण करायला इंजिनाला पंधरा ते वीस मिलिलिटर पेट्रोल लागलेले असते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळे पेट्रोल ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन निघून जाते. लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या गाडीच्या हिशेबाने हे सुमारे तीनशे मीटरच्या प्रवासाचे इंधन झाले. सिंहगड रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे दर थोड्या अंतरावर सिग्नल, बसथांबा किंवा गतिरोधक आहे, तिथे मायलेज बारा-तेरावर का येते याचे उत्तर इंजिनात शोधण्याची गरज नाही.

हे लक्षात आल्यावर चालवण्याची रीत बदलते. पुढचा सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटर तिथूनच सोडायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची, इंधनाचा आकडा शून्यावर राहू द्यायचा आणि ब्रेक अगदी शेवटी, हलका लावायचा. पुढच्या वाहनापासून अंतर राखले तर त्याच्या प्रत्येक ब्रेकदिव्याला आपण ब्रेकने उत्तर देण्याची गरज उरत नाही. पुण्यात असे अंतर ठेवले की त्यात तत्काळ दोन दुचाक्या आणि एक रिक्षा येऊन बसते हे मान्य आहे. तरीही त्या आल्यावर पुन्हा थोडे मागे राहण्यात फारसा वेळ जात नाही, हे घड्याळ लावून पाहणाऱ्याला पटेल.

याच संदर्भात एक उलटा गैरसमजही यंत्राने दूर केला. इंधन वाचवायचे म्हणजे गाडी अतिशय हळूहळू पळती करायची, असे अनेकांना वाटते. खालच्या गिअरमध्ये फार वेळ रेंगाळत वेग वाढवला तर एकूण इंधन कमी लागत नाही. पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भाराखाली सर्वांत किफायतशीर चालते. म्हणून मध्यम जोराने वेग घ्यायचा, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पुढचा गिअर टाकायचा आणि इष्ट वेग गाठला की पाय हलका करायचा, ही रीत अधिक फायद्याची ठरते. मात्र इंजिन धडधडू लागेल इतक्या लवकर वरचा गिअर टाकू नये. दुसऱ्या टोकाला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की ॲपमधली ‘क्लोज्ड लूप’ ही नोंद बदलून ‘ओपन लूप’ होते. याचा अर्थ संगणकाने हवा आणि इंधनाचे काटेकोर प्रमाण तात्पुरते सोडून जास्त इंधन ओतायला सुरुवात केली. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, धुरातले विषारी वायू निवळणारा उत्प्रेरक त्याचा पूर्ण निकाल लावू शकत नाही. इंजिन थंड असतानाही काही काळ असेच घडते. उत्प्रेरक तापून कामाला लागेपर्यंतचे पहिले एक-दोन किलोमीटर धुराच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गाडी काढणे लिटरच्या हिशेबात किरकोळ दिसले तरी हवेच्या हिशेबात किरकोळ नसते. पीयूसीची चाचणी गाडी उभी असताना होते. रस्त्यावर पाय काय करतो हे त्या प्रमाणपत्राला कधीच कळत नाही. या बाबतीत हे स्वस्त यंत्र त्या कागदापेक्षा अधिक खरे बोलते.

महामार्गाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तिथे शिकायचे कमी आणि मान्य करायचे जास्त असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो आणि १०० वरून १२० वर गेले की आणखी ४४ टक्क्यांनी वाढतो. सपाट रस्त्यावर माझ्या गाडीचा आकडा ऐंशीला बाविसाच्या आसपास असतो, तो शंभराला अठराच्या खाली येतो. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. तिथे ती पूर्ण वापरली किंवा १०० वर समाधान मानले, तर संपूर्ण अंतरात फरक पडतो तो सव्वा तासाहूनही कमी. तेवढ्या वेळाची किंमत ज्याने त्याने ठरवावी. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन अनेक वर्षांपासून ताशी ४५ ते ५५ चा वेग राखायला सांगते; शहरातल्या मोकळ्या रस्त्यांवर तो सल्ला योग्य आहे, पण द्रुतगती मार्गावर मोटारीने त्या वेगाने जाणे मागच्यांसाठी आणि स्वतःसाठीही धोक्याचे आहे.

सिग्नलवर उभ्या असलेल्या इंजिनाचा खर्च मिनिटाला दहा-बारा मिलिलिटर दिसतो आणि एसी चालू असेल तर त्याहून बराच जास्त. सेकंद मोजणारा सिग्नल असेल आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचे.

आता यंत्राला काय दिसत नाही ते. टायरमधली हवा कमी आहे, डिकीत गेल्या सहलीचे सामान तसेच पडले आहे, टपावर रिकामा कॅरिअर बसवलेला आहे, ब्रेक चाकाला किंचित घासतो आहे – यांतले काहीही ते ओळखत नाही. त्याला फक्त परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. टायरची हवा चालकाच्या बाजूच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे आणि टायर थंड असताना भरणे हा इंधन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी ना यंत्र लागते ना ॲप. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांत सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी असली तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. आकडा लहान वाटतो, पण महिनोन्महिने हवा न तपासलेल्या गाडीत आठ-दहा पीएसआयची तूट असणे नवलाचे नाही, आणि असा टायर झिजतो तोही वेडावाकडा.

ॲपमधला ‘ड्रायव्हिंग स्कोअर’ मात्र मला पूर्णपणे निरुपयोगी वाटला. शंभरपैकी गुण देणारी ही सोय मोबाइलमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर चालते आणि आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा तिला ‘जोरदार ब्रेक’ वाटतो. समोर अचानक कुत्रे आले म्हणून ब्रेक दाबला तरी गुण कापले जातात. गुणांच्या मोहाने माणसाने ब्रेक दाबायला कचरावे, यासारखी धोक्याची गोष्ट नाही. ती सोय बंद करून ठेवावी.

त्याहून गंभीर प्रश्न मोबाइलच्या पडद्याचा आहे. गाडी चालवताना मोबाइल केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची नियमांत मुभा आहे. फिरते काटे न्याहाळत गाडी चालवणे त्यात बसत नाही आणि शहाणपणाचेही नाही. सुरुवातीला मी शेजारी बसणाऱ्याला मायलेजचे आकडे मोठ्याने वाचायला सांगत असे. आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींनी केले आणि खंबाटकी घाटाच्या चढावर ‘चार, चार, साडेतीन… अहो, हे पेट्रोल आहे की पाणी?’ असा त्यांचा उद्गार ऐकल्यावर माझा पाय आपोआप हलका झाला, तेवढा कोणत्याही सूचनेने झाला नसता. एकट्याने चालवणाऱ्याने प्रवासाची नोंद आपोआप साठवण्याची सोय वापरावी आणि घरी आल्यावर आलेख पाहावा. वेगाची आणि थ्रॉटलची रेघ एकाखाली एक ठेवली की कुठे विनाकारण वेग घेऊन लगेच ब्रेक दाबला हे अचूक सापडते.

यंत्राच्या बनावटीविषयीच्या तक्रारी बऱ्याच आहेत. ते सॉकेटमधून बरेच बाहेर येते, त्यामुळे उंच माणसाचा गुडघा त्याला लागतो. माझ्याकडून एकदा पिना जवळजवळ वाकल्या होत्या. आखूड बनावटीचे किंवा वायरने जोडून बाजूला ठेवता येणारे यंत्र घेणे बरे. सॉकेटला चावी बंद असतानाही वीज मिळत राहते आणि स्वस्त यंत्रे झोपी जात नाहीत. चाळीस-पन्नास मिलिॲम्पिअरचा हा ओघ दिवसाला सुमारे एक ॲम्पिअर-तास होतो, म्हणजे लहान गाडीची पस्तीस ॲम्पिअर-तासांची बॅटरी गावाला गेलेल्या माणसाच्या पाठीमागे चार-पाच आठवड्यांत संपते, आणि गाडी चालू न होण्याइतकी त्याच्या आधीच उतरते. बहुतेक यंत्रांचा ब्लूटूथचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो आणि तो बदलता येत नाही. गाडीच्या संगणकाकडे जाणारे दार असे उघडे ठेवणे मला पटत नाही. प्रवास संपला की यंत्र काढून ठेवावे, हे दोन्ही अडचणींवरचे एकच उत्तर आहे. आयफोनवाल्यांनी विशेष पाहून घ्यावे, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथची यंत्रे त्यांच्या फोनशी जुळत नाहीत, आणि वायफायवर चालणारे यंत्र घेतले तर फोन त्याच्याशी जोडला गेल्यावर इंटरनेट अडखळते आणि नकाशा गोठतो.

मग हे कोणी घ्यावे? ज्यांच्या नव्या गाडीच्या काट्यांमध्येच त्या क्षणाचे मायलेज दाखवणारी पट्टी आहे, त्यांना निदान आधी तरी याची गरज नाही; उतारावरचा आणि सिग्नलच्या अलीकडचा धडा ती पट्टीसुद्धा देते, फक्त सरासरीचा आकडा थोडा उदार असू शकतो हे ध्यानात ठेवावे. साधारण २०१३ नंतरची, पण असा पडदा नसलेली पेट्रोल गाडी असेल, महिन्याला हजारभर किलोमीटर होत असतील आणि आकडे जुळवण्याची थोडी चिकाटी असेल, तर दीड-दोन हजारांचे यंत्र योग्य आहे. माझ्या गाडीचे टाकीवरून मोजलेले मायलेज शहर आणि महामार्ग मिळून सोळाच्या आसपास होते, ते साडेअठराच्या जवळ आले. महिन्याला हजार किलोमीटरला यात आठ लिटर वाचतात. लिटरला शंभरच रुपये धरले तरी दोन-अडीच महिन्यांत यंत्राची किंमत निघते. लिटरमागे सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर दरमहा अठरा किलोंनी धूर कमी होतो. ज्याचा पाय आधीच हलका आहे त्याला एवढा फरक दिसणार नाही, आणि ज्याला दर सिग्नलला पहिला सुटायचे आहे त्याला यंत्राने काहीच होणार नाही. टॅक्सी किंवा मालवाहू टेम्पो चालवणाऱ्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग व्हावा, कारण त्यांचे किलोमीटर अनेक पटींनी जास्त असतात. परंतु त्यांची बरीचशी वाहने डिझेल किंवा सीएनजीवर चालतात आणि तिथे ॲपच्या आकड्यांचा भरवसा कमी होतो.

खरेदी करताना ‘ईएलएम ३२७’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक यंत्रावर दिसतील. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीने बनवलेल्या चिपचे ते नाव. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारे संरक्षण नव्हते, त्यामुळे तिच्या अगणित नकला निघाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात सर्रास मिळणारी ‘आवृत्ती १.५’ तर त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती. नक्कल असली तरी ती चालत नाही असे नाही, पण अगदी स्वस्त यंत्रांत काही आज्ञा गाळलेल्या असतात आणि काही गाड्यांशी ती यंत्रे जुळतच नाहीत. म्हणून यंत्र हाती आल्या दिवशीच, परत करण्याची मुदत संपण्याआधी, ते स्वतःच्या गाडीत लावून पाहावे: कूलंटचे तापमान, मॅनिफोल्डचा दाब आणि थ्रॉटल हे तीन आकडे अडखळल्याशिवाय येतात का, आणि गिअरमध्ये पाय काढल्यावर इंधनाचा आकडा शून्याला टेकतो का, एवढे तपासावे. शेवटचे होत नसेल आणि सेटिंगमध्ये बदल करूनही जमत नसेल, तर ते परत पाठवावे.